सोमवार लागल्यावर

शनिवारी संध्याकाळी दलदलीतल्या रस्त्यावर
गाडी खोकली, एका फुप्फुसावर थोडी चालली
आणि फाट्याच्या अलीकडे थांबलीच.
दोन मैल ढकलत आणली. वारा समोरून.
मेंढ्या रस्त्यात बसलेल्या, उठल्या नाहीत.

सीटखालच्या पिशवीत आधीच्या मालकाने ठेवलेलं:
दहाचा एक पाना, फेरीबोटीचं तिकीट, गोळीचा कागद.
प्लगचा पाना नाही. तो कधीच नसतो.

नवे प्लग आहेत, दोन. पोस्टाने आले,
महिनाभर खिडकीत बसलेत चहाच्या डब्याशेजारी.
मला वाटलं होतं, अवघड तेवढं झालं.

पण प्लग असतो विहिरीत.
टाकीखालून बोट घातलं, तळ लागला नाही.
माझा सोळाचा सॉकेट अंगाने जाड, काठावरच अडतो.
भावाचा पातळ, आत उतरतो, पण सतराचा:
नुसता गरगर फिरतो, प्लगला पत्ताच नाही.
मागाच्या पेटीतलं सगळं शेडच्या जमिनीवर ओतलं.
पस्तीस वर्षं या पान्यांनी माग चालू ठेवलाय,
ट्वीडचे किती मैल विणले असतील, देव जाणे,
आणि त्यातला एकही या बोटभर भोकात जाईना.
आडात होतं सगळं. पोहराच नव्हता घरात.

भाऊ फोनवर म्हणाला, पक्कड लाव.
एकदा लावली होती, विहिरीच्या पंपाला.
आटे गेले. त्या पंपाचं पुढे काय झालं
ते त्याला आठवत नाही, मला आठवतं.

रविवार.
आमच्या बेटावर रविवारी दोरीवर कपडे नसतात.
दुकानाला कुलूप. माग मुका.
लहानपणी झोपाळ्यालाही साखळी बांधलेली असायची.
मी शेडमध्ये स्टूल टाकून नुसती बसले,
बघणं म्हणजे काही काम नव्हे, असं म्हणत.
मग टाकी निघाली.
निघाली म्हणजे, मी काढली.

चर्च सुटल्यावर टॉरमॉड त्याच वाटेने जातो.
काळा कोट, काळी टोपी, तिसऱ्या बाकावरचा ज्येष्ठ.
दारात थांबला. उघडं इंजिन बघितलं,
जमिनीवर पसरलेलं माझं पाप बघितलं.
मी वाक्य तयार ठेवलं होतं.
त्याने एवढंच विचारलं, "किती खोल?"
मी दीड बोट दाखवलं.
मान हलवली आणि गेला.

रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी
रस्त्यावर बॅटरी हलताना दिसली.
कोट तोच. खिशातून फडकं, फडक्यातून
एक साधी नळी, दोन्ही टोकांना षटकोनी,
मध्ये आरपार भोक, भोकात घालायला सळई.
अंगावर कोरलेलं: पाच अष्टमांश.
"इंचातली आहे," तो म्हणाला, "पण
सोळा म्हणजे जवळजवळ तेच. बसेल."
बसली. अंगठी बसावी तशी नाही,
लोखंड लोखंडावर बसावं तशी,
हाताला कळेल इतका आवाज करून.

"तुमची गाडी कोणती होती?" मी विचारलं.
"माझ्याकडे कधीच नव्हती," टॉरमॉड म्हणाला.
नळी मधल्या भोकाजवळ घासून चकचकीत झालेली.

पहिला प्लग निघाला, काजळीने काळा.
दुसरा चिवट. त्याने माझा हात धरून थांबवला,
तेलाचे दोन थेंब सोडले आणि आम्ही
काही न बोलता उभे राहिलो, प्रार्थनेला राहतात तसे.
मग नवे. पेट्रोलच्या नळीचा तुकडा डोक्यावर चढवून
बोटांनीच आत सोडले, आटे आपसूक धरेपर्यंत.
"आता सळईने पाव फेरा, थोडा जास्त. बस.
ॲल्युमिनियमला ताकद दाखवायची नसते."

पावणेएकला किक मारली.
शेजारच्या मेरकोनाच्या खिडकीत दिवा लागला,
कुत्रं भुंकलं, सगळ्या वाडीला सोमवार कळला.
टॉरमॉड डोळे मिटून ऐकत होता,
डोकं जरासं एका बाजूला कलतं.
"उजवा अजून मागे आहे," तो म्हणाला,
"कार्ब्युरेटर बघ. घाई नाही."

नळी फडक्यात गुंडाळून खिशात घातली.
दोन पावलं गेला. परत आला.
स्टुलावर ठेवून गेला.